वाचकांचे प्रश्न : पक्ष फुटला, आता चिन्ह कुणाचं?

प्रश्न : शिवसेना बाळासाहेबांनी काढली, पक्षप्रमुख त्यांचा मुलगा. तरी धनुष्यबाण दुसऱ्या गटाकडे गेला. आमदार म्हणजेच पक्ष का? (एक वाचक, सातारा)

निवडणूक आयोगापुढे वारसा हा पुरावा धरला जात नाही. १९६८ च्या चिन्हविषयक आदेशातल्या परिच्छेद १५ खाली आयोग दोन गटांचा दावा ऐकतो. पक्षाची उद्दिष्टं कोण पाळतं, पक्षाची घटना काय म्हणते आणि संघटनेत व विधिमंडळात बहुमत कुणाकडे आहे, हे तो तपासतो. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीवरून झालेल्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बहुमताची कसोटी उचलून धरली.

शिवसेनेचं घोडं पक्षाच्या घटनेपाशी अडलं. २०१८ मध्ये तिच्यात केलेले बदल आयोगाच्या दप्तरी नव्हते. शिवाय पक्षप्रमुखांना निवडणारे बरेचसे पदाधिकारी त्यांनीच नेमलेले. अशा संघटनेतलं बहुमत ग्राह्य धरता येत नाही, असं आयोगाने ठरवलं. मग उरले आमदार-खासदार. ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदे यांच्याकडे होते आणि २०१९ मध्ये त्या ४० जणांना मिळालेली मतं ५५ जणांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के होती. आयोगाचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निकाल या आकड्यांवर उभा आहे.

हा हिशेब आम्हाला अपुरा वाटतो. त्या निवडणुकीत सेनेला ९० लाखांवर मतं पडली होती, पण मोजली गेली जेमतेम ४८ लाख. पडलेल्या उमेदवारांची मतंही धनुष्यबाणालाच होती, त्यांना कुणी विचारलंच नाही. मात्र अंतर्गत निवडणुका नीट घेऊन त्यांची कागदपत्रं वेळेवर आयोगाकडे दिली असती, तर संघटनेतलं बळ दाखवायला जागा राहिली असती.

प्रश्न : बाप-लेक किंवा काका-पुतणे भांडले, तर आयोग वडीलधाऱ्याचं ऐकतो का?

नाही. २०१७ मध्ये समाजवादी पक्षाचे संस्थापक मुलायमसिंह यांच्या बाजूने आमदारांची प्रतिज्ञापत्रं आलीच नाहीत. अखिलेश यांनी २२८ पैकी २०५ आमदारांची दिली आणि सायकल त्यांना मिळाली.

निवडणूक तोंडावर असेल तर आयोग चिन्ह गोठवतो, म्हणजे तूर्त कुठल्याच गटाला वापरू देत नाही. लोक जनशक्ती पक्षात २०२१ मध्ये बिहारच्या पोटनिवडणुकांआधी हेच झालं. बंगला हे चिन्ह गोठलं, पुतणे चिराग यांना हेलिकॉप्टर आणि काका पशुपती पारस यांना शिलाई मशीन मिळालं. नवं चिन्ह घरोघर पोचवायला हातात फार थोडे दिवस उरतात, आणि त्यात मिळतंजुळतं दुसरं चिन्ह यादीत असलं की मतं भलतीकडे जातात. आपल्या साताऱ्यातच २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीला फुटीनंतर मिळालेलं तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह असलेले शशिकांत शिंदे सुमारे ३३ हजार मतांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाने ३७ हजार मतं घेतली. ती सगळी चुकून पडली असं सिद्ध करता येत नाही, पण अपक्षाला एरवी एवढी मतं पडत नाहीत.

प्रश्न : एक-तृतीयांश आमदार फुटले तर आमदारकी वाचते ना?

आता नाही. पक्षांतरबंदी कायद्यातली ती सवलत ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये काढली. आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरण आणि त्याला दोन-तृतीयांश आमदारांची संमती, एवढीच पळवाट उरली आहे. गोव्यात २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोप) तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये गेले ते याच आधारावर.

प्रश्न : मी तालुक्याचा पदाधिकारी आहे. पक्षात फूट दिसते आहे. हाताशी काय ठेवू?

तारीख आणि जावक क्रमांक असलेलं नियुक्तीपत्र ठेवा. तुमची निवड झाली त्या बैठकीची नोटीस, हजेरीपट आणि सह्यांसह इतिवृत्त जपा, कारण नेमलेल्यापेक्षा निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचं म्हणणं जास्त टिकतं. सभासद नोंदणीच्या पावत्यांची स्थळप्रत टाकून देऊ नका. पदाधिकारी बदलले की पक्षाने आयोगाला विनाविलंब कळवायचं असतं. ते पत्र गेलं का, हे मुख्य कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या.

एखाद्या गटाला पाठिंब्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करताना पद आणि तारखेची जागा कोरी सोडू नका. दोन्ही गटांना तर मुळीच देऊ नका. राष्ट्रवादीच्या वादात काही आमदारांनी तसं केलं होतं. सही केलेल्या प्रतीची झेरॉक्स त्याच दिवशी स्वतःकडे ठेवा.