परंपरेची बाजू घेऊ पाहणाऱ्या तरुणास

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. राजकारणात परंपरेची बाजू घ्यायची ठरवली आहेस, तर ती कोणासमोर घ्यायची हे आधी पक्के कर. परंपरावादाचा जनक मानल्या जाणाऱ्या ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका केली, हे सगळे सांगतात. पण त्याच बर्कने ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग आणला आणि 1788 पासून सात वर्षे चाललेल्या त्या खटल्यात कंपनीच्या मनमानीचे वाभाडे काढले, हे फारसे कोणी सांगत नाही. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तरीही बर्कची भूमिका एकच होती: सत्ता जमावाची असो वा आपल्याच देशाच्या कंपनीची, तिला लगाम हवा.

आपल्या कोकणात ही कसोटी खोतीने, म्हणजे खोत कुळांकडून सारा वसूल करी त्या पद्धतीने, लावली. खोती शतकांची होती, आणि जुनी आहे म्हणून ती राहावी असे म्हणणारे पुष्कळ होते. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला, बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले आणि 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. माझ्या मते खऱ्या परंपरावाद्याने या कायद्याच्या बाजूनेच उभे राहायला हवे होते, कारण कुळाचे घर आणि कसती जमीन अस्थिर ठेवणारी व्यवस्था कितीही जुनी असली तरी ती कुटुंब टिकू देत नाही. शिवाय हा बदल रक्तपाताने नव्हे, विधिमंडळाच्या मार्गाने आला.

उलट काही गोष्टी एकदा मोडल्या की कायद्याने परत येत नाहीत. खाडीकाठचा बांध फुटून खारे पाणी शिरले की शेत लगेच भात देत नाही. देवराई तोडली की तिथले झरेही आटू लागतात. गावदेवीच्या नावाने भाषण करून देवराईतून रस्ता काढणाऱ्याला परंपरावादी म्हणू नकोस, मग तो कितीही मोठा पुढारी असो. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) 1959 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, काँग्रेसमधल्या आयुष्यभराच्या सहकाऱ्यांविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला, कारण सहकारी शेतीच्या नावाखाली शेतकऱ्याची जमीन जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. एवढी किंमत मोजायची तयारी तुझी आहे का, हे मला कळव.

तुमच्या ग्रामसभेत रस्त्याचा ठराव येणार आहे, असे तू लिहितोस. त्याआधी देवराईची राखण करणाऱ्या घरांत जाऊन त्यांचे म्हणणे ऐक, आणि ते सभेत सर्वांसमोर मांड. रस्ता तुझ्याच पक्षाला हवा असला तरी.