घर उघड, नळ बघ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी दिवसभर काहीबाही सुचायचं, आता ऑफिस, घर आणि झोप एवढंच उरलंय. चित्र काढता येत नाही, गाता येत नाही, छंदवर्गाला वेळ नाही. मग रोजच्या जगण्यात खेळकर कल्पकता आणायची कशी? आणि दमून आल्यावर खेळायला ताकद कुठून आणायची?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच उशिरा कळलं, ते शेवटी सांगते. पहिल्याबद्दल माझं मत पक्कं आहे. नवीन काही सुरू करू नका. जे रोज करता, तेच खेळायला घ्या.

लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 सालच्या एका व्याख्यानात दोन बहिणींचं उदाहरण दिलं होतं. एक पाच वर्षांची, दुसरी सात वर्षांची. एकदा त्या एकमेकींना म्हणाल्या, चल, आपण बहिणी-बहिणी खेळू. आता बहिणी तर त्या होत्याच! पण एरवी आपण बहिणी आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. खेळ सुरू झाला की दोघी हातात हात घालून चालतात, सारखे कपडे घालतात, सारखं बोलतात, मोठी धाकटीला सांगते की हे आपलं आणि ते त्यांचं. जे नकळत घडत होतं, त्याचा खेळात नियम होतो आणि मग ते दिसू लागतं. हे उदाहरण वाचल्यापासून कुणी “मला छंद नाही” म्हणालं की मला त्या दोघी आठवतात. त्यांनी नवीन काही आणलं नव्हतं. त्या जे होत्या, तेच त्या खेळल्या.

आमच्या घरात हे चिठ्ठ्यांमधून आलं. आम्ही तिघं वेगवेगळ्या वेळी घराबाहेर पडतो, म्हणून कपाटाच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवायची सवय. दार नीट लाव, नळ तपास, पसारा आवर. मुलगा पाचवीत असताना एक दिवस म्हणाला, “आई, तुझ्या चिठ्ठ्या पहिलीच्या पुस्तकासारख्या असतात. कमल नमन कर.” तक्रारच होती ती, आणि खरी होती. त्या रात्री मला वाटलं, असतील पहिलीच्या पुस्तकासारख्या, तर मग पुऱ्याच तशा होऊ देत. नियम ठरवला: काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही. दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत दहा मिनिटं खर्चून मी लिहिलं:

“घर उघड, नळ बघ, मग झटपट अडगळ वर सरकव.”

संध्याकाळी खाली त्याचं उत्तर होतं: “अडगळ जड. मदत कर.”

त्या दिवसापासून किती महिने आम्ही हे खेळलो, मोजलेलं नाही. पण भाषेचा जो अभ्यास शाळेत झाला नव्हता तो इथे झाला. बिनमात्रेच्या मराठीत “मी” म्हणता येत नाही, “तू” म्हणता येत नाही. “आहे” नाही आणि “नाही” सुद्धा नाही. नकार द्यायचा तर “नको” लिहिता येत नाही, म्हणून तर त्याला “अडगळ जड” असं वळणानं सांगावं लागलं. हाती उरतात ते बहुतेक हुकूम: कर, बघ, बस, धर, चल. पहिलीच्या पुस्तकात कमलला सतत काहीतरी करायला का सांगतात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मुळाक्षरं शिकलेल्या मुलाला देण्यासारखी वाक्यं म्हणजे जवळजवळ आज्ञाच असतात!

मग अनुस्वाराचा वाद आला. मुलाचं म्हणणं, टिंब चालायला हवं. माझं म्हणणं, अक्षराच्या डोक्यावर काहीच नको. दोन दिवस हुज्जत चालली. तो हट्टाला का पेटला होता ते त्याच्या पुढच्या चिठ्ठीत दिसलं: “घर उघडलं.” एका टिंबाने त्याला भूतकाळ मिळाला होता. तोवर त्याला फक्त हुकूम ऐकता येत होते, आता केलेल्या कामाची वर्दी देता येत होती. मी हरले आणि फार आनंदाने हरले. दिवसाला एक टिंब मंजूर झालं. जोडाक्षरांना मुलाचा विरोध होता, कारण “घर स्वच्छ कर” हे नियमात बसतं हे त्याच्या लगेच लक्षात आलं होतं.

आणि एवढं सगळं होताना घरातलं एकही काम वाढलं नाही. चिठ्ठी लिहायचीच होती, नळ बघायचाच होता.

नियमावर मी इतका जोर देते, कारण “काहीही सुचव, मोकळेपणाने विचार कर” असं कुणी म्हटलं की माझं तरी डोकं कोरं होतं. वाट अडवली की पाय आपोआप दुसरीकडे वळतो. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने 1969 साली एक अख्खी कादंबरी अशी लिहिली, की फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर, रोमन लिपीतलं ‘ई’, तिच्यात एकदाही येत नाही. रोमन लिपीत त्याच्या स्वतःच्या नावात ते चार वेळा येतं, म्हणजे त्या कादंबरीच्या आत त्याला स्वतःचं नावही लिहिता आलं नसतं. तो ज्या लेखक-गणितज्ञांच्या मंडळात होता, त्या 1960 साली सुरू झालेल्या ‘उलिपो’चा सगळा व्यवसायच असे अडथळे शोधण्याचा. तुम्हाला कादंबरी लिहायची नाहीये. पण ऑफिसातली एक ईमेल “तसेच”, “तरी”, “सदर” हे तीन शब्द न वापरता लिहून बघा.

लहानपणी सुचायचं आणि आता सुचत नाही, याची तुम्हाला खंत वाटते. ती थोडी हलकी करता आली तर बघते. टिम जर्मन आणि मार्गारेट डीफेटर या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाहुल्याला उंच फळीपर्यंत पोचवायचं. त्यासाठी समोरच्या वस्तूंमधलं खोकं रिकामं करून पायाखाली घेणं हा मार्ग. खोकं जर आधी वस्तू भरून ठेवलेलं दाखवलं, तर सहा-सात वर्षांच्या मुलांना ते पायाखाली घ्यायचं सुचायला जास्त वेळ लागला. पाच वर्षांच्या मुलांना काही फरक पडला नाही. कारण मोठ्या मुलांना एव्हाना कळलेलं असतं की खोकं “कशासाठी” असतं. म्हणजे तुमच्यातलं काही आटलेलं नाही. वस्तू कशासाठी असतात हे तुम्ही फार चांगलं शिकलात, इतकंच. ते विसरायची गरज नाही, क्षणभर बाजूला ठेवता आलं की पुरे. मी कधी हातातली वस्तू घेऊन स्वतःला विचारते, याचं नाव मला माहीत नसतं तर मी याचं काय केलं असतं? स्टेपलरपासून छत्रीपर्यंत कशालाही हा प्रश्न लागू पडतो, आणि लिफ्टची वाट बघता बघता होतो.

मी हिशेब तपासते. दिवसभर आकडे. या कामात खेळ कुठून येणार, असं मलाही वाटायचं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर माझ्या मदतीला आले. ते शाळेत शिकवत, विद्यापीठातले संशोधक नव्हते, आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. त्यांना काही संख्या एका रेल्वे स्टेशनवर सुचल्या, तर त्यांनी त्या संख्यांना त्या स्टेशनचंच नाव देऊन टाकलं: डेमलो संख्या. त्यांचा 6174 तुम्ही ऐकला असेल. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आलं तर तोही अंक धरायचा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही 6174 वर येता आणि तिथून पुढे हलत नाही.

माझा खेळ असा: सकाळी जे पहिलं व्हाउचर हाती येईल त्याचे शेवटचे चार आकडे घ्यायचे, आणि किती पायऱ्या लागतील याचा आधी अंदाज करायचा. परवा 2735 आला. मी तीन म्हटलं होतं. 5175, 5994, 5355, 1998, 8082, 8532 आणि मग 6174. पुऱ्या सात! शेजारच्या टेबलावरची सहकारी आता स्वतःहून विचारते, आज किती? याने माझं काम जलद होत नाही, चुका कमी होत नाहीत. पण ते व्हाउचर दोन मिनिटं माझं असतं.

फायद्याचं विचाराल तर तिथे मला एक भीती वाटते. खेळकरपणाच्या गोष्टी लोक सांगतात त्या बहुतेक वेळा बक्षिसापाशी संपतात. आंद्रे गाइम या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट घ्या. शुक्रवारी रात्री, नेहमीच्या संशोधनाशी संबंध नसलेलं काहीतरी करून बघायची त्यांची रीत होती. एका शुक्रवारी त्यांनी प्रयोगशाळेतल्या बलाढ्य चुंबकात चक्क पाणी ओतलं, आणि पाण्याचे गोळे हवेत तरंगू लागले. पुढे 1997 साली त्यांनी त्याच चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला. मग चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, हाती आलं, आणि 2010 साली कॉन्स्टांटिन नोव्होसेलोव्ह यांच्याबरोबर नोबेल. गोष्ट खरी आहे. पण त्यांनीच सांगितलंय की सुमारे पंधरा वर्षांत असे साधारण दोन डझन प्रयोग केले आणि त्यातले बहुतेक फसले. मला त्या फसलेल्या शुक्रवारांबद्दल जास्त जिव्हाळा वाटतो. त्या रात्रींचं कुणी कौतुक केलं नाही, आणि नोबेल हाती नसतानाही ते पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथे होते. पाणी ओततानाचा तो क्षण तुम्हाला-मला मिळू शकतो.

म्हणून तुम्हाला कळकळीची एक विनंती. जे सुरू कराल त्याचा निदान पहिले काही महिने फोटो काढू नका, कुठे टाकू नका. आमच्या चिठ्ठ्यांचा फोटो मी एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांना आवडला. पुढच्या आठवड्यात मुलगा चिठ्ठी लिहिताना मला विचारत होता, “ही चांगली आहे का?” तोवर त्याने हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. तो परत आपल्यासाठी लिहू लागायला बराच काळ गेला, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दमलेल्या माणसाने ताकद कुठून आणायची? मला वाटतं, आणता येत नाही. दमलेल्या दिवशी नवा खेळ सुचत नाही आणि सुचावा अशी जबरदस्ती स्वतःवर करू नये. पण साध्या, बऱ्या दिवसांत जर एखादा खेळ लावून ठेवलेला असेल आणि त्यात आणखी एक तरी माणूस असेल, तर वाईट दिवसांत तुमच्या वाटची पाळी तो खेळतो. म्हणून एकट्याने करायच्या खेळांबरोबर दोघांचा एक तरी असू द्या. नवरा, मैत्रीण, शेजारी, कुणीही.

गेल्या वर्षी माझी आई दोन महिने आजारी होती. ऑफिसातून दवाखाना, तिथून रात्री घर. चिठ्ठ्या बंद पडल्या होत्या. बंद पडल्या हेही माझ्या लक्षात नव्हतं. एका रात्री साडेअकराला आले तर घर झोपलेलं, आणि कपाटाच्या दारावर एक कागद:

“नजर वर कर.”

वर बघितलं. कपाटाच्या अगदी माथ्याशी, स्टुलावर चढून चिकटवलेला दुसरा कागद. त्यावर दोनच अक्षरं: “हस.”

हसायला आलं नाही, रडायला आलं. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग पेन शोधलं आणि पहिल्या कागदाखाली लिहिलं, “जवळ बस.”

सकाळी डोळे उघडले तेव्हा तो माझ्या पायथ्याशी बसून दप्तर भरत होता.