‘जवळजवळ सगळी बॅच पात्र’ म्हणजे नेमके काय?

इंदूरच्या रामबागेतून एका आईंचे पत्र आले आहे. मुलीला तिच्या नीटच्या रँकवर ग्वाल्हेरचे गजराराजा मेडिकल कॉलेज मिळेल असे दिसते. पण इंदूरच्याच एका खासगी कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘जवळजवळ सगळी बॅच नीट पीजी (एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा) पात्र’ असे छापले आहे. पुढे एमडीच करायची, तर घराजवळचे कॉलेज बरे नाही का, असे त्या विचारतात.

ताई, ‘पात्र’ या शब्दावर जाऊ नका. पात्र होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. 2023 मध्ये तर पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला होता, म्हणजे परीक्षेला बसलेला जवळजवळ प्रत्येकजण पात्र! विचारायचे ते असे: एका बॅचमधल्या किती जणांना, कितव्या प्रयत्नात, कोणती शाखा मिळाली? मेडिसिन, सर्जरी, रेडिओलॉजी, बालरोग यांच्या सरकारी जागा वेगळ्या मोजा. अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री वेगळ्या, कारण त्या बऱ्याच खालच्या रँकलाही मिळतात. मॅनेजमेंट कोट्याच्या जागा त्याहून वेगळ्या, तिथे पैशाचा वाटा मोठा.

हा हिशोब आयता मिळत नाही. नीट पीजीच्या निकालात रोल नंबर, गुण आणि रँक असते. एमबीबीएस कुठून केले ते नसते. परदेशात एमबीबीएस शिकलेल्यांना इथे द्यावी लागणाऱ्या एफएमजीई या परीक्षेचे कॉलेजवार आकडे परीक्षा मंडळ जाहीर करते. देशातल्या कॉलेजांचेही करायला हवेत, असे मला कळकळीने वाटते. तोवर कॉलेजे स्वतःच आकडे जमवतात, आणि ज्यांना काही मिळाले नाही ते कळवायला येत नाहीत.

म्हणून स्वतः मोजा. तीन वर्षांपूर्वी इंटर्नशिप संपवलेली बॅच घ्या. ताजी नको, कारण बरेच जण दुसऱ्यांदा बसतात. त्या बॅचचे दोघे-तिघे गाठा आणि यादीतला दर पाचवा रोल नंबर घ्या. 200 च्या बॅचमधून 40 नावे निघतील. आठवतील ती नावे घेतलीत, तर हुशार तेवढेच आठवतात. प्रत्येकापुढे शाखा, जागा, प्रयत्न लिहा आणि ‘माहीत नाही’ असाही रकाना ठेवा. त्यात सहापेक्षा जास्त नावे गेली, तर त्या आकड्यावर विसंबू नका. दोन्ही कॉलेजांत दोन-तिघांचा फरक निघाला तर तो योगायोगही असू शकतो. आठ-दहाचा असेल तर दखल घ्या.

तरीही एक चाळणी उरते. त्या बॅचच्या प्रवेशाची शेवटची रँक जुन्या अलॉटमेंट यादीत पाहा. वरच्या रँकची मुले आत आली, तर पीजीलाही ती पुढेच राहणार. ते श्रेय सगळे कॉलेजचे नाही. तयारी तर हल्ली बहुतेक जण मोबाइलच्या अ‍ॅपवरच करतात. कॉलेजच्या हाती असते ते वेगळे: रात्री वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे, हॉस्टेल किती जवळ, इंटर्नला दिवसभर नमुने पोचवायलाच पळवतात की रुग्ण तपासू देतात, आणि विद्यापीठाची परीक्षा लांबून इंटर्नशिप नीट पीजीच्या मुदतीपलीकडे जाते का. शेवटचे फार महत्त्वाचे; मुदत हुकली की वर्ष जाते.

माझे मत ग्वाल्हेरच्या बाजूने आहे. तिथल्या कॉलेजच्या जयारोग्य रुग्णालयात रुग्णांची वर्दळ मोठी आणि सरकारी फी कमी. वाचलेला पैसा पीजीच्या वेळी उपयोगी पडेल. चॉइस भरण्याआधी मुलीला घेऊन एकदा तिथे जा आणि वरचे चार प्रश्न वॉर्डातल्या इंटर्नना विचारा. कॉलेजच्या ऑफिसात नको.