सायकलवर हॉलंड: जा, पण पुढच्या मेमध्ये आणि एफडी न मोडता

ताई, पत्रात आकडे सगळे नीट दिलेत, त्यामुळे काम सोपं झालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई सांगलीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतात, वय ५५, रिटायर व्हायला तीन वर्षं. मिस्टर ५९ चे, भांड्यांचं दुकान. मुलगी २६ ची, पुण्यात नोकरीला. घराचं कर्ज नुकतंच फिटलंय, ८ लाखांची एफडी ऑगस्टमध्ये मॅच्युअर होतेय आणि सेव्हिंग खात्यात १ लाख ७० हजार नव्या सायकलींसाठी बाजूला काढलेत, दोन टूरिंग सायकली, प्रत्येकी ८५ हजार. ताईंना मिस्टरांना घेऊन नेदरलँडमध्ये जुन्या झायडर झे समुद्राभोवतीचा सायकल रूट करायचाय, याच मेच्या सुट्टीत. टूर कंपनी म्हणते ११ रात्रींचे माणशी ३ लाख २५ हजार, आणि या महिनाअखेर पैसे भरले तर माणशी २५ हजार सूट. मिस्टर म्हणतात एवढ्या पैशात पोरीचं अर्धं लग्न होईल. एफडी मुदतीआधी मोडायची का, हा प्रश्न.

माझं उत्तर: जायचं. नक्की जायचं. पण या मेमध्ये नाही, पुढच्या मेमध्ये, पॅकेज न घेता आणि नव्या सायकली न घेता.

कारण सांगते. तुमच्या पत्रात ती ८ लाखांची एफडी तीन ठिकाणी येते, लक्षात आलं का तुमच्या? एकदा लिहिलंय "अडीनडीला एफडी आहेच", मग "लग्नासाठी एफडी ठेवलीये", आणि शेवटी "ट्रिप एफडीतून होईल". पैसे तेच, फक्त तीन वेळा मोजलेत. ट्रिपचे सहा-साडेसहा लाख गेले की उरलेल्या दीड-दोन लाखांत लग्नही बसवायचं आणि दवाखानाही. मिस्टरांचा विरोध सायकलीला नाहीये ओ, त्यांना ही गोष्ट कुठेतरी दिसतेय, फक्त ते लग्नाचं नाव घेऊन बोलतायत. आणि या एका मुद्द्यावर ते बरोबर आहेत.

पण खरी काळजीची गोष्ट लग्न नाहीये. तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात की मिस्टरांना बीपी आहे आणि त्यांच्या नावावर मेडिक्लेम नाही. ५९ वय, स्वतःचा धंदा, बीपी, आणि विमा नाही. ट्रिप होवो न होवो, हे काम याच महिन्यात करा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे आज सुरू केलं तर ते ६२ चे होईपर्यंत तो संपलेला असेल. फॉर्ममध्ये बीपी स्पष्ट लिहा, लपवू नका, क्लेम तिथेच अडकतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा तरी भार कमी. मी हिशोबात महिन्याला ३ हजार धरलेत.

आता पैसे कुठून आणायचे. घराचा हप्ता १८,५०० होता, तो फिटल्यापासून ते पैसे सेव्हिंग खात्यात नुसते पडून राहतायत आणि तुमच्याच शब्दांत "कुठे जातात कळत नाही". ते गायब व्हायच्या आत पकडायचे. ३ हजार विम्याला, उरलेले १५,५०० पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप आरडीत. पुढच्या मेपर्यंत १४ महिने आहेत, म्हणजे २ लाख १७ हजार, वर थोडं व्याज. इक्विटी फंडात नको, चौदा महिन्यांसाठी तिथे पैसे ठेवणं म्हणजे विमानाचं तिकीट बाजाराच्या मर्जीवर सोडणं. सायकलींचे १ लाख ७० हजार आहेतच. झाले ३ लाख ८७ हजार.

सायकली नको का म्हणते? कारण तुमची हायब्रिड चांगली आहे, सांगली ते कोल्हापूर करून येता तुम्ही त्यावर. आणि स्वतःची सायकल विमानात न्यायची म्हणजे खोका, पॅकिंग, जादा सामानाचे पैसे, आणि तिकडे उतरल्यावर डीरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकलेला निघाला तर पहिला दिवस दुकान शोधण्यात. नेदरलँडमध्ये सायकल भाड्याने मिळणं ही जगात सगळ्यात सोपी गोष्ट असेल. तुमच्यासाठी साधी टूरिंग सायकल दिवसाला १८ युरो धरली, मिस्टरांसाठी इ-बाइक ३५ युरो, १२ दिवसांचे दोघांचे ६३६ युरो. युरो मी १०५ रुपये धरलाय सगळीकडे, तर हे साधारण ६७ हजार. इ-बाइक ही चैन समजू नका, ती या ट्रिपमधली सगळ्यात शहाणी खरेदी आहे. देश सपाट आहे हे तुम्ही वर्गात शिकवता, पण तिथे चढाची जागा वाऱ्याने घेतलीये. नैऋत्येकडून येतो बहुतेक वेळा, बांधावर आडोसा काही नाही, आणि समोरून लागला की साधी ४० किलोमीटर सुद्धा दिवस खातात. मिस्टरांची सवय जेमतेम १५ किलोमीटरची, त्यांना साध्या सायकलवर बसवलंत तर तिसऱ्या दिवशी दोघांचं भांडण होईल आणि ट्रेनने परत याल. भाड्याच्या सायकलींचा चोरीचा विमा मात्र घ्या, दिवसाचे दोन-चार युरो वाचवायला जाऊ नका, तिथे सायकलचोरी भरपूर आणि इ-बाइकची भरपाई लाखात जाते.

आता पॅकेज. कंपनी काय देतेय, तर रूट, हॉटेलं, सामान पुढे पोचवणं आणि एक गाइड. यातलं सामान सोडलं तर बाकी तुम्हाला विकत घ्यायची गरज नाही, कारण रस्ता दाखवायचं काम त्या देशाने आधीच करून ठेवलंय. तिथे क्नोपपुंट म्हणून पद्धत आहे, सायकलच्या वाटा जिथे मिळतात तिथे प्रत्येक नाक्याला एक नंबर, पांढऱ्या पाटीवर हिरवा आकडा, आणि पुढच्या नंबरकडे बाण. ही कल्पना मुळात बेल्जियमच्या लिम्बर्गमधल्या एका खाण इंजिनिअरची, नंतर पूर्ण नेदरलँडभर पसरली. तुम्ही सकाळी चहा पिता पिता कागदावर नंबर लिहायचे, समजा २७, ३१, ४६, ०८, कागद हँडलला चिकटवायचा आणि निघायचं. मोबाइल मेला तरी चुकत नाही माणूस. शिवाय तुमचा झायडर झे रूट हा देशातल्या मोठ्या एलएफ रूटपैकी, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल वाटांपैकी, एक, साधारण ४४० किलोमीटरचा गोल, त्याला स्वतःच्या वेगळ्या पाट्या आहेत. यासाठी गाइडला पैसे कशाला द्यायचे?

पूर्ण गोल करायचा हट्टही धरू नका. एंकहायझनहून स्ताव्होरनला उन्हाळ्यात फेरी जाते, सायकलसकट. ती पकडली तर वरचा आफ्स्लाउटडाइक, तो १९३२ मध्ये समुद्र बंद करणारा ३२ किलोमीटरचा सरळ बांध, सायकलवर काढावा लागत नाही, आणि तुमचा जीव ज्यात आहे तो भाग तर खाली दक्षिण-पूर्वेलाच आहे. उर्क १९३९ पर्यंत बेट होतं, आता जमिनीला जोडलंय. तिथून जवळच स्खोकलंड, ते बेट १८५९ मध्ये सरकारने रिकामं केलं आणि आता ते चहूबाजूंनी शेतांच्या मधोमध आहे, युनेस्कोच्या यादीत आहे. पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन, शिकवताना फळ्यावर आडवा छेद काढत असाल ना, तिथे तुम्ही समुद्राच्या तळावरून सायकल चालवत जुन्या बेटाच्या काठावर चढाल. पत्रात तुम्ही लिहिलंय की तीस वर्षं हे पुस्तकातून शिकवलं. म्हणूनच मी "त्यापेक्षा केरळ करा" असं म्हणत नाहीये, ही ट्रिप तुमच्यासाठी दुसऱ्या कशाने भरून निघणारी नाही.

स्वतः केलेल्या ट्रिपचा दोघांचा हिशोब, १२ रात्रींचा. विमान माणशी ७० हजार, मे म्हणजे सीझन, त्यामुळे हात सैल ठेवलाय, १ लाख ४० हजार. व्हिसा फी ९० युरो माणशी, वर सेंटरचे चार्जेस, फोटो, जाणंयेणं, दोघांचे २४ हजार. प्रवास विमा ५ हजार, शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतं, आणि त्यात इ-बाइक चालवताना झालेला अपघात धरलाय का ते लेखी विचारा. राहणं १ लाख १८ हजार. सायकली ६७ हजार. खाणं रोजचे दोघांत ४५ युरो धरून ६१ हजार. ट्रेन, फेरी, म्युझियम २१ हजार. हे झाले ४ लाख ३६ हजार, त्यावर १० टक्के अचानक खर्चाला, म्हणजे ४ लाख ८० हजार. कंपनीचं सूट धरून सुद्धा ६ लाख आणि त्यात व्हिसा नाही, दुपारचं-रात्रीचं जेवण नाही, इ-बाइकचे जादा पैसे वेगळे, म्हणजे सव्वासात-साडेसातला जाणार.

राहण्याबद्दल जरा जास्त बोलते कारण पैसे तिथेच वाचतात. ॲमस्टरडॅममध्ये पर्यटक कर १२.५ टक्के, त्यात जानेवारी २०२६ पासून देशभर हॉटेलवरचा व्हॅट ९ वरून २१ टक्के झालाय. त्यामुळे ॲमस्टरडॅममध्ये फक्त शेवटची रात्र, बाकी होर्न किंवा एंकहायझनसारख्या गावात. आणि फ्रिंडन ऑप द फिट्स नावाची एक संस्था आहे तिची मेंबरशिप घ्या. फक्त सायकलवाल्यांना आणि पायी जाणाऱ्यांना लोक आपल्या घरात खोली देतात, माणशी साधारण २५ ते ३० युरो, सकाळचा नाश्ता धरून. बऱ्याच ठिकाणी रोख द्यावे लागतात. कुणा निवृत्त जोडप्याच्या स्वयंपाकघरात बसून ब्रेड, चीज, उकडलेलं अंडं खायचं, दुपारसाठी सुपरमार्केटातून ब्रेड, फळं आणि कार्नमेल्क घ्यायचं, म्हणजे आपलं ताकच, बांधावर बसायचं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. कॅफेतली कॉफी आणि ॲपल केक मात्र रोज एकदा खा, दोघांचे पंधरा-सतरा युरो जातील, ते मी धरलेत.

म्हणजे ४ लाख ८० हजारांना ९३ हजार कमी पडतायत. ते ऑगस्टमध्ये एफडी आपोआप मॅच्युअर झाली की त्यातून घ्या, मोडायची नाही. उरलेल्यातले ३ लाख वेगळ्या एफडीत, हे घरखर्चाचे सहा महिने, याला हात लावायचा नाही. ४ लाख ७ हजार मुलीच्या नावाने बाजूला. ट्रिपहून आल्यावर तेच १५,५०० सहा महिने चालू ठेवा, घेतलेले ९३ हजार भरून निघतात. बँकेचा प्री-अप्रूव्हड लोनचा मेसेज आलाय म्हणालात, तो डिलीट करा, ३ लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर ६९ हजार नुसतं व्याज जातं. आणि लग्नाचं मुलीशी एकदा मोकळेपणाने बोला, पत्रावरून मला तरी वाटतंय की तिला रजिस्टर्ड लग्नच हवंय.

मग रिटायर झाल्यावरच का नको, ग्रॅच्युइटी येईल, सुट्टीची कटकट नाही? विचार केला मी याचा. तुमची नोकरी नोव्हेंबर २००५ च्या आधीची, जुनी पेन्शन लागू, त्यामुळे म्हातारपणाच्या पैशांना या ट्रिपने धक्का लागत नाही, म्हणून थांबण्यात पैशाचा फायदा फारसा नाही. उलट मिस्टर ६२ चे होतील आणि तुमच्या पत्रात गुडघ्याचा उल्लेख दोनदा आलाय. एक वर्ष थांबा, तीन नको. त्या वर्षात त्यांना आठवड्यातून तीन दिवस सकाळी सायकलवर घ्या, पुढच्या जानेवारीपर्यंत ४० किलोमीटर सलग जमलं पाहिजे. नाहीच जमलं तर रूट अर्धा करा, तिकीट काढायच्या आधी.

बाकी बारीक कामं. परदेश प्रवासाची परवानगी आणि एनओसी ऑफिसातून मिळायला वेळ लागतो, दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका. व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. नेदरलँड माणशी दिवसाला ५५ युरोची सोय दाखवा म्हणतं, ती तुमच्याकडे असेल, पण अर्जाच्या आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका, ऑफिसर विचारतो. व्हिसा हातात येईपर्यंत खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या, आणि घरगुती ठिकाणांकडून ईमेलवर कन्फर्मेशन मागवा. युरो एकदम घेऊ नका, दोन-तीन महिन्यांत थोडे थोडे फॉरेक्स कार्डवर टाका, या रकमेला टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, लागत नाही, पॅकेजला मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. दुकानदार "रुपयात कापू का" विचारेल, युरोतच कापा म्हणायचं. ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं डे-तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ, संध्याकाळी चार ते साडेसहा सायकल चढवू देत नाहीत, तेवढं बघून निघा. असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिश्चन सणांच्या सुट्ट्या मे-जूनच्या आसपास येतात, त्या दोन वीकेंडच्या खोल्या फेब्रुवारीतच धरून ठेवा.

कंपनीला आज फोन करून नाही म्हणून टाका. आणि विम्याचा फॉर्म याच आठवड्यात.