बेळगाव परिसरात उन्हाळी सुट्टीत मुलांना वन्यजीवांविषयी आस्था वाटावी म्हणून घराबाहेर काय करता येईल?

नमस्कार. आपली मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत, सुट्टीत ती दिवसभर मोबाईल घेऊन बसतात, आणि प्राण्यापक्ष्यांविषयी त्यांना माया वाटावी म्हणून त्यांना भीमगडच्या जंगलात न्यावे का, असे आपण विचारले आहे. भीमगड तूर्त राहू द्या, असे मी सुचवीन. टिळकवाडीतील आमच्या गल्लीतल्या मुलांना घेऊन मी सहा उन्हाळे सकाळी बाहेर पडत आलो आहे आणि पहिल्या वर्षी मी नेमके हेच केले होते. भाड्याच्या गाडीत अकरा मुले कोंबून जांबोटीच्या पुढे गेलो, वळणांवर दोघांना उलट्या झाल्या, आणि वाघ दिसला नाही म्हणून परतताना सगळी रुसून बसली. रस्त्याकडेच्या झाडावर शेकरू बसले होते, पण वाघाच्या आशेवर नेलेल्या मुलांना शेकरू म्हणजे मोठी खार एवढेच वाटले.

लहान मुलाचा जीव जडतो तो ज्याच्याकडे रोज जाता येते त्या जिवावर. म्हणून सुरुवात घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून करा. कुंभाराकडून मातीचे पसरट, दोन-तीन बोटे खोल भांडे आणा, ते सावलीत पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवा, आणि मधमाश्यांना बसता यावे म्हणून त्यात एक खडबडीत दगड टाका. पाणी ठेवणारे पुष्कळ असतात, परंतु रोज भांडे घासणारे फार थोडे. साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि विष्ठेने घाण झालेल्या पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. तेव्हा घासण्याचे काम मोठ्या मुलाकडे आणि पाणी भरण्याचे धाकट्याकडे सोपवा, आणि एखाद्या दिवशी ती विसरली तर आपण ते परस्पर उरकू नका. कोरड्या भांड्यावर येऊन परत गेलेला दयाळ पक्षी मुलांना एकदा दिसला की पुन्हा आठवण करून द्यावी लागत नाही.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगायला मला आजही संकोच वाटतो. मुलांना कुंपणाखाली बुलबुलाचे पिल्लू सापडले, ते बुटांच्या खोक्यात घालून त्यांनी माझ्याकडे आणले, आणि मी शहाण्यासारखे ते परत ठेवायला सांगण्याऐवजी दुधात भिजवलेले बिस्किट भरवायला परवानगी दिली. दुसऱ्या रात्री पिल्लू गेले. अंगावर पिसे आलेले, आखूड शेपटीचे, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा हरवलेले नसतेच. नीट उडता येण्याआधी ते घरट्याबाहेर पडते आणि आईबाप जवळपास राहून त्याला काही दिवस भरवत राहतात, हे मला नंतर समजले. अशा वेळी मांजर-कुत्र्याला दूर ठेवावे, फार तर पिल्लू उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे आणि आपण लांब व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. तेव्हापासून आमच्या फेरीचा नियम एकच आहे: पाहायचे, लिहायचे, पण उचलायचे नाही. (पोपट पाळण्याचा हट्ट झाला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून टाका, आजूबाजूला पिंजरे दिसतात म्हणून ते चालते असे नाही.)

हा नियम मुलांच्या मनात खरा रुजला तो एका टिटवीमुळे. बेळगुंदीला माझ्या आत्याचे शेत आहे. एप्रिलच्या शेवटी तिथे उघड्या ढेकळांत टिटवीने चार अंडी घातली होती. टोके आत वळलेली, आणि रंगाने अशी की दोन हातांच्या अंतरावर उभे राहूनही मुलांना ती पाच मिनिटे दिसली नाहीत. टिटवी घरटे बांधत नाही, चार खडे गोळा करते आणि साधारण चार आठवडे आळीपाळीने नर-मादी उन्हात बसतात. ऊन फार झाले की पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवतात. बांधावरच्या आंब्याखाली बसून मुलांनी हे पाहिले. अडचण अशी की वळीव पडला होता आणि भाताच्या धूळवाफ (कोरड्या मातीतल्या) पेरणीसाठी आतेभावाला नांगरट उरकायची होती. मुलांनीच त्याला गाठले. त्याने आधी हसण्यावारी नेले, पण ट्रॅक्टर चालवताना चटईएवढा तुकडा तसाच सोडला. मुलांना तिथे काठ्या रोवायच्या होत्या. मात्र खूण केली की कावळ्यांचे लक्ष जाते, म्हणून समोरच्या बांधावर फक्त एक दगड ठेवला. रात्री टिटवी ओरडली की अशुभ, असे म्हणणारी माझी आत्याही पुढे रोज सकाळी फोनवर अंड्यांची खबर देऊ लागली. आपल्या ओळखीत कुणाचे शेत असेल तर मे महिन्यात मुलांना तिथे चार दिवस ठेवाच.

वही जरूर ठेवावी. आपल्या भागातल्या मुलांना शाळेत कन्नड असतेच, तेव्हा आमच्या वहीत दोन रकाने असतात: कावळा – कागे, चिमणी – गुब्बच्ची, मोर – नविलु, कोकिळा – कोगिले, बेडूक – कप्पे. शेजारच्या कन्नड घरातली मुलेही त्यामुळे आपसूक फेरीत आली. फेरीची वेळ सकाळी सहा ते साडेआठ. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडी किंवा किल्ल्याचा खंदक पुरेसा आहे. पायात बूट हवेत, आणि दगड हाताने उलटायचे नाहीत, कारण खाली विंचू किंवा फुरसे असू शकते.

भीतीविषयीही बोलावे लागते. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या आला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी हत्ती आणले गेले. त्या दिवसांत मुलांनी घरोघरी ऐकले ते फक्त ‘मारून टाका’. बिबट्या कुत्री आणि डुकरे शोधत वस्तीपर्यंत येतो, म्हणून उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याचा आणि त्याचा संबंध असतो, हे आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याजवळ उभे राहूनच बोललो.

मेच्या उत्तरार्धात जांभळे येतात. खाऊन झालेल्या बिया वाळवत न ठेवता लगेच पिशव्यांत लावा. ताजेपण गेले की त्या उगवत नाहीत. बियांचे मातीचे गोळे करून डोंगरावर फेकण्याच्या कार्यक्रमांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण फेकल्यानंतर तिथे कुणी परत जात नाही. वळीवानंतर खानापूरकडे कुणाकडे मुक्काम झाला तर रात्री अंगणातला दिवा बंद करा, काजवे आपोआप दिसतील. ते बाटलीत भरू देऊ नका.

आणि भीमगड? सुमारे 190 चौरस किलोमीटरचे हे जंगल 2011 मध्ये अभयारण्य झाले. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे एक दुर्मीळ वटवाघूळ राहते, जे अनेक वर्षे जगात फक्त इथेच आहे असे मानले जात होते. त्या गुहेत शिरणे म्हणजे त्या वटवाघळांना त्रास देणे, आणि बाहेरच्या रानात अस्वले व गवे आहेत. तेव्हा मुले थोडी मोठी झाल्यावर वनखात्याची परवानगी व त्यांचा माणूस सोबत घेऊनच जावे. दूरची एखादी सहल हवीच असेल, तर गोकाकजवळ धुपदाळला घटप्रभेच्या पाण्यावर जा, पण मे महिन्यात नको; कांड्या करकोचे येतात ते थंडीत, म्हणून डिसेंबरातला एखादा रविवार आत्ताच ठरवून ठेवा.