पोस्टग्रेसमध्ये युनिक इंडेक्स असूनही फॉरेन की का लागत नाही?

भाऊ, तुम्ही म्हणता जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकरी टेबलात मोबाईलवर युनिक इंडेक्स (एकच नंबर दोनदा बसू न देणारा) आहे, तरी पावती टेबलातून त्यावर फॉरेन की (पावतीतला नंबर शेतकरी टेबलात असलाच पाहिजे अशी जोडणी) लावली की 'नो युनिक कन्स्ट्रेंट मॅचिंग' असा एरर येऊन राहिला. तुमच्या इंडेक्सची शेवटची ओळ बघा न, 'व्हेअर चालू = ट्रू', सगळा घोळ तिथंच आहे. हा पार्शल इंडेक्स झाला, तो फक्त चालू खात्यांपुरता नंबर रिपीट होऊ देत नाही, बंद खात्यात तोच नंबर खुशाल बसू शकते, मग पावतीवरचा नंबर नेमका कोणत्या खात्याचा हे डेटाबेसनं कसं ठरवायचं? म्हणून फॉरेन कीला प्रायमरी की (टेबलातल्या प्रत्येक ओळीची पक्की ओळख) नाहीतर पूर्ण टेबलावरचं युनिकच लागते. मायएसक्यूएलवाला कोणी 'माझं तर चालते' म्हणेल, तर त्याचं डेटा साठवणारं इंजिन इनोडीबी बरीच वर्षं युनिक नसलेल्या इंडेक्सवरही फॉरेन की घेत होतं, मायएसक्यूएल 8.4 पासून मात्र बाय डिफॉल्ट तेही बंद केलं.

पण खरं सांगू का, मोबाईलवर फॉरेन की लावूच नका. आपल्याकडे बाप, पोरगा अन् काकाचा सातबारा वेगवेगळा पण तिघांच्या पावतीवर नंबर पोराचाच असते, अन् सिम बदललं की तुम्ही जुन्या पावत्या बदलत बसणार का? शेतकरी_आयडी ठेवा, मोबाईल साधा कॉलम राहू द्या. ज्याच्याकडे फोनच नाही त्याला नल (म्हणजे काहीच न भरलेलं) ठेवा, 9999999999 टाकू नका.

सातबाराचं टेबल करत असाल तर एकटा गट नंबर युनिक करू नका, गट नंबर 45 प्रत्येक गावात सापडते. गाव अन् गट दोन्ही मिळून युनिक करा, अन् गाव म्हणजे नाव नाही बरं, वडगाव तर यवतमाळातच किती निघतील, 2011 च्या जनगणनेतला 6 अंकी गावकोड घ्या. एका गटात पोटहिस्से असतात, तोही कॉलम त्याच युनिकमध्ये पाहिजे, अन् पोटहिस्सा नसेल तिथं नल नको, रिकामी स्ट्रिंग टाका, कारण पोस्टग्रेस दोन नल सारखे धरत नाही अन् डुप्लिकेट आत घुसते. (पोस्टग्रेस 15 पासून 'नल्स नॉट डिस्टिंक्ट', म्हणजे दोन नल सारखेच धर, असं लिहिता येते, पण तुमचं व्हर्जन कोणतं ते तुम्ही लिहिलंच नाही.)

पावतीतल्या शेतकरी_आयडीवर इंडेक्स मात्र हातानं टाका, पोस्टग्रेस तो आपोआप करत नाही, नाहीतर एक खातं डिलीट करायला गेलं की अख्खं पावती टेबल चाळत बसते. अन् ऑन डिलीट कॅस्केड (खातं उडवलं की त्याच्या पावत्याही आपोआप उडतात ते) अजिबात नको, पैशाच्या पावत्या आहेत त्या.