केबिन क्रू व्हायचंय, पण विमानातल्या हवेचं काय?

प्रश्न: माझ्या मुलीची बारावीनंतर केबिन क्रूसाठी निवड झाली आहे. लवकरच ट्रेनिंग सुरू होईल. पण इंजिनाचे विषारी धूर केबिनमध्ये शिरतात आणि क्रूला कायमचा त्रास होतो, असं तिच्या वडिलांच्या वाचनात आलं. आता ते तिला पाठवायला तयार नाहीत. लहानपणी तिला थोडा दमाही होता. काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, तिच्या वडिलांची काळजी निराधार नाही. बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच घेतली जाते. इंधन जळण्याच्या आधीच्या टप्प्यावर ती काढतात आणि थंड करून आत सोडतात. त्याच इंजिनात बेअरिंगसाठी तेल असतं. ते अडवणारं सील झिजलं, तेल जास्त भरलं गेलं, किंवा विमान खाली उतरवताना पॉवर कमी होऊन दाब बदलला, की थोडं तेल तापून त्याची वाफ हवेसोबत केबिनमध्ये येऊ शकते. या तेलांत बहुधा ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं आणि त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक आहेत. केबिनमधले हेपा फिल्टर कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ मध्ये मात्र ही हवा इंजिनातून न घेता वेगळ्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरने बाहेरून घेतात.

वाद आहे तो पुढच्या भागाबद्दल. अशा वाफेमुळे क्रूला होतो असं म्हटल्या जाणाऱ्या दीर्घकाळच्या त्रासाला 'एरोटॉक्सिक सिंड्रोम' हे नाव १९९९ पासून वापरात आहे, पण स्वतंत्र आजार म्हणून त्याला वैद्यकशास्त्रात सर्वमान्यता मिळालेली नाही. नेहमीच्या उड्डाणांत मोजलेलं या रसायनांचं प्रमाण बहुतेकदा अगदी कमी निघालं. पण प्रश्न नेहमीच्या उड्डाणांचा नाहीच, गळती झालेल्या उड्डाणांचा आहे, आणि तिथे मोजायला सहसा कुणी यंत्र घेऊन बसलेलं नसतं. त्यामुळे त्रास झालेल्या क्रूला 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही एवढ्या एका कारणासाठी तिला थांबवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा घटना रोजच्या नसतात. तिनं जाणून-समजून जावं, एवढंच.

म्हणजे नेमकं काय, ते तिला वाचून दाखवा. तेलाच्या वाफेचा वास पुष्कळदा घामट मोज्यांसारखा येतो. वास ओव्हनचा किंवा जमिनीवर शेजारी उभ्या असलेल्या विमानाच्या धुराचाही असू शकतो, पण तो कशाचा हे ठरवत बसायचं नाही. आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग वास गेला असं वाटतं. म्हणून वास आल्याबरोबर घड्याळ बघायचं आणि इंटरफोनवरून कॉकपिटला कळवायचं: कुठल्या रांगेजवळ, कसला वास, कुणाला डोळे चुरचुरणं, चक्कर, मळमळ होतेय का. वैमानिकांना शंभर टक्के ऑक्सिजन देणारे मास्क असतात, ते त्यांनी वेळेवर लावणं सर्वांत महत्त्वाचं. प्रवाशांसाठी वरून खाली येणारे मास्क मात्र इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांत केबिनचीच हवा मिसळते. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

विमान उतरल्यावर घटनेची लेखी नोंद झालीच पाहिजे. नोंद नसेल तर इंजिनिअर गळती शोधणार कशी? तेच विमान पुढच्या क्रूच्या वाट्याला जाईल. रिपोर्टची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. त्रास होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. धुरातून रक्तात गेलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साध्या हवेत चार-पाच तासांत निम्मा होतो, दुसऱ्या दिवशी तपासून काही हाती लागत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, २०१५ मध्ये अशा धुरांबाबतचं प्रशिक्षण आणि नोंदी यांवर मार्गदर्शक पत्रक काढलं आहे. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये 'फ्यूम इव्हेंटचा, म्हणजे केबिनमध्ये धूर शिरण्याच्या घटनेचा, रिपोर्ट कसा करायचा?' हे तिनं बिनधास्त विचारावं. उडवाउडवीची उत्तरं मिळाली, तर मात्र दुसऱ्या एअरलाइनचा विचार जरूर करा.

आता दम्याचं. तुम्ही ते पत्रात ओझरतं लिहिलंत, पण मला तीच पहिली पायरी वाटते. केबिनची हवा मुळातच खूप कोरडी असते, त्यात एखाद्या दिवशी धूर आला तर दमेकऱ्याला तो लवकर बाधू शकतो. ट्रेनिंगची फी भरण्याआधी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन फुप्फुसांची क्षमता तपासून घ्या आणि ते कागद विमानसेवेच्या मेडिकलला सोबत न्या. निवड हातची जाईल या भीतीनं फॉर्मवर दमा लपवू नका. तपासणी चांगली आली तर तिच्या वडिलांनाही तो रिपोर्ट दाखवा आणि मग तिघं मिळून ठरवा.